डिसेंबरसाठी बेट बघून आलो

ईशान आणि रेवा,

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतः वाचता आलं असतं, हे मला कळतं. माझं शिक्षण इंग्रजीतच झालं आणि निम्मी नोकरी इंग्रजी कागदांत गेली. पण यात आक्काचं बोलणं येणार आहे, आणि ते इंग्रजीत नेलं की आक्का मागेच राहते. तेव्हा एखाद्या संध्याकाळी आईला वाचून दाखवायला सांगा. तिने मधलं काही गाळलं तर ओरडा.

आत्ताच लिहायचं कारण तुमची डिसेंबरची सुट्टी. मागच्या वेळी तुम्ही शहापूरला आलात तेव्हा ईशानला उलट्या झाल्या, सलाइन लावावं लागलं. रेवा पालीच्या भीतीने न्हाणीघरात जाईना. तुम्ही कॅनडाला परत गेल्यावर एकदा फोनवर मागून रेवाचा आवाज आला, "पुन्हा त्या घरात जायचंय का?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यानंतर तुमच्या बाबांनी सुचवलं की या खेपेला सगळ्यांनी एखाद्या बेटावर भेटावं. समुद्र, वाळू, आणि कोणी काही करायचं नाही. "आई, तुलाही आराम." सुट्टी मोजकी आहे. बेट म्हटलं की घर नाही, आणि घर म्हटलं की बेट नाही. निर्णय बाबांनी माझ्यावर सोपवला. मी म्हटलं, न पाहिलेल्या पाण्यात मी मुलं सोडत नाही. आधी बघून येते.

तुम्ही गेलेला नाहीत तिथलं हे वर्णन आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निघण्याआधी

मी अंदमानातलं शहीद द्वीप निवडलं. जुनं नाव नील. लहान बेट, उथळ पाणी, गर्दी कमी, छोटा सरकारी दवाखाना आहे. जेवणाच्या टेबलावर बसून मी एक वेळापत्रकही तयार केलं, मुलांना घेऊन राहायचं झालं तर दिवस कसा जाईल याचं. रोज नऊ ते अकरा समुद्र, मग आंघोळ, जेवण, झोप, चारनंतर पुन्हा समुद्र. मी एकटीच जाणार होते. पण वैशाखऱ्याला सांगायला गेले आणि तिथे आक्का ओट्यावर बसलेली.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही आलात तेव्हा तिला भेटायला जायचं ठरलं होतं, त्याच दिवशी ईशान आजारी पडला. माळशेज घाटाच्या रस्त्यावर वैशाखरे लागतं, ते तिचं सासर. तिचं माहेर, म्हणजे आजोबांचं गाव, मात्र आता भातसा धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा ती तिकडे दिली गेलेली होती. पुढे मी त्याच धरणाच्या कार्यालयात नोकरीला लागले, रोज सकाळी पाण्याची पातळी नोंदवायचं काम. ती मला त्यावरून कधी टोचून बोलली नाही. एवढंच म्हणायची, "आमच्या घरावर आज किती पानी हाय गो, सुमन?" आणि मी सांगायचे.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकलीच जाशील?"

"विमान आहे आक्का, मग बोट. अवघड काही नाही."

"अवघड नाय तं मी बी येते. मला दर्या बघायचाय."

"मुंबईला चौपाटीवर पाहिला होतास की."

"तवा मानसंच दिसली. दर्या कुटं दिसला?"

तिने पिशवीत घरचे तांदूळ, हळद, कुंकू आणि नारळ घेतला. नवं पाणी पहिल्यांदा भेटलं की आमच्याकडे त्याची ओटी भरतात. नदी असो, तलाव असो, अगदी नवी बोअर लागली तरी. नारळाच्या बेटावर नारळ नेण्यात अर्थ नाही, हे पटवायला मला बराच वेळ लागला. नारळ राहिला. तांदूळ आले.

बेट

विमानाचं आणि बोटीचं सांगत बसत नाही. विमानात आक्का झोपली आणि बोटीत मला मळमळलं, एवढंच.

जेट्टीला लागलो आणि मी पाण्यात वाकून पाहिलं. खालची वाळू दिसत होती, तिच्यावर बोटीची सावली आणि सावलीत मासे. मी आयुष्यभर पाणी पाहिलं, पण ते खोल आणि गढूळ, पातळी सांगणाऱ्या पट्टीवर चढणारं-उतरणारं. तळ दाखवणारं एवढं पाणी मी पहिल्यांदाच बघत होते. रेवाचा डबा, तो फिकट निळ्या झाकणाचा, किनाऱ्याजवळ अगदी तो रंग, आणि पुढे गेलं की शाईचा.

रिक्षावाल्याने गावांची नावं सांगितली. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. आक्का म्हणाली, "अख्खं घरानं हितंच राहायला आलं काय? मंग दशरथ एकलाच राहिला आयोध्येत."

आम्ही लक्ष्मणपूरला एका घरी उतरलो. मागे त्यांचं राहतं घर, पुढे पाहुण्यांच्या खोल्या, मधे केळी आणि सुपारी. मालकीणबाईंचं नाव शेफाली. साठीच्या आत-बाहेरची बाई, कपाळावर मोठं कुंकू, हातात शंखाचे पांढरे चुडे. तिचे आईवडील पूर्व बंगालमधलं सगळं सोडून इथे आले, तेव्हा इथे नुसतं जंगल होतं. सरकारने जमीन दिली, त्यांनी ती साफ केली. बेटावर भातशेती असेल असं माझ्या डोक्यातच नव्हतं. पण रस्त्याच्या कडेला कापणी झालेली खाचरं दिसली तशी आक्का रिक्षातून अर्धी बाहेर आली.

मग ती आणि शेफाली यांचं जे सुरू झालं, त्यात मला जागाच उरली नाही. आक्काचं हिंदी म्हणजे मराठीच, जरा जोरात बोललेली.

"तुम्हारे में आवण कब लावते? राब भाजते काय?"

आवण म्हणजे भाताची रोपं आणि राब म्हणजे ती टाकायची जागा. आमच्याकडे त्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात आणि मग बी फेकतात. हे तिने हातवारे करून दाखवलं. शेफालीने गाल फुगवून फुंकर मारली आणि विचारलं, "आग? खेत में आग क्यों देगा, दीदी?"

"आग नाय दिली तं तण किती येतो!"

"तण तो हाथ से निकालेगा."

"बघ गो सुमन," आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "हितल्या बाया आपल्याहून बी येड्या."

जेवायला उकड्या तांदळाचा भात, मोहरीच्या वाटणातला मासा आणि केळफुलाची भाजी. केळफूल आपल्याकडेही करतात, पण त्यात नारळ आणि बटाटा असा तिथेच खाल्ला. ईशान, मासा तिखट नव्हता. रेवा, काटे होते, पण मोठे आणि मोजके. पाणी उकळलेलं. मच्छरदाणी चांगली. पाली आहेत. खोटं सांगणार नाही, आहेत. शिवाय त्या ओरडतात.

मी शेफालीला वेळापत्रकाबद्दल विचारलं. नऊ ते अकरा समुद्र. तिने मान तिरकी केली. "आज नौ बजे पानी पेड़ तक आया. कल थोड़ा लेट. परसों और लेट. चार दिन बाद नौ बजे तुम जाएगा तो पत्थर मिलेगा, दीदी."

भरती-ओहोटी मला पुस्तकातून माहीत होती, परीक्षेतही लिहिली होती. पण ती रोज पुढे सरकते हे माहीत असूनही मी समुद्राला नऊचा टाइम दिला होता. माझं धरण असं कधी वागलं नाही. ते पावसात चढायचं आणि उन्हाळ्यात बोट-बोटभर उतरायचं. एकदा उघडी पडलेली जमीन महिनोन्‌महिने उघडी राहायची. लोक त्यात काकड्या, कलिंगडं लावून खात.

दुसरा दिवस

सकाळी भरतपूरच्या किनाऱ्यावर गेलो. मुलांसाठी पाहायचं तर ही जागा चांगली. पाणी लांबवर गुडघाभरच, खाली मऊ वाळू. तुमच्याएवढी पुष्कळ मुलं होती. मी सावलीत बसून इतर आयांकडे बघत होते. सुट्टीत माणसं इतकी स्वस्थ बसू शकतात हे मला नवीन होतं. आमच्याकडे बायका गावाला जातात म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जातात.

शेजारी चेन्नईचं एक कुटुंब होतं. त्यांची यालिनी, रेवापेक्षा जराशी मोठी, पाण्याला घाबरून वाळूतच बसलेली. आक्का तिच्याजवळ जाऊन बसली. वाळूतले गुळगुळीत खडे वेचले, एक उडवला, तो खाली येईपर्यंत दुसरा उचलला, मग दोन, मग तीन. सागरगोटे. मुलीने दोनदा पाहिलं आणि हात पुढे केला.

"असं नाय गो बाय, हात उलटा. उलटा!" आक्का तिचा हात धरून म्हणाली. मुलीला शब्द एक कळला नाही. तिने हात उलटा केला.

दोघी उन्हं चढेपर्यंत खेळल्या. आक्का हरत होती, की हरून दाखवत होती, सांगता येणार नाही. निघताना यालिनी खडे खिशात घालायला लागली तर तिची आई म्हणाली, इथून काही न्यायला बंदी आहे. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खडे काय कुटं बी भेटतात." तिला पटकन उठवत नव्हतं, म्हणून मी हात दिला. तुमच्याशी ती कोणत्या भाषेत बोलेल, ही काळजी मी घरून बरोबर आणली होती. ती जरा हलकी झाली.

दुपारी मी पडले. आक्का झोपत नाही. चारच्या पुढे उठून बाहेर आले तर तिची खाट रिकामी, आणि खिडकीतली तांदळाची पुरचुंडीही नव्हती.

लक्ष्मणपूरचा किनारा घरापासून पाच मिनिटांवर. मी पोचले तेव्हा समुद्र नव्हताच. सकाळी जिथे पाणी होतं तिथे काळे-तपकिरी खडक, मधे डबकी, शेवाळ, आणि पार पुढे, पांढऱ्या रेघेसारखं पाणी. त्या रेघेजवळ एक हिरवं लुगडं.

तिने काय केलं हे मला तिथेच कळलं. ओटी कडेच्या डबक्यात भरत नाहीत, पाण्याला त्याच्या घरी जाऊन भेटायचं. मे महिन्यात धरण उतरलं की ती दरवर्षी तेच करते. सुकलेल्या चिखलातून चालत जाते, जिथे त्यांचं घर होतं तिथून पुढे जिथे पाणी असेल तिथे, आणि तांदूळ सोडून निवांत बसते. पाणी काही परत येत नाही. तिथे बसायला पुष्कळ वेळ असतो.

मी हाका मारल्या. वाऱ्याने त्या परत माझ्याच तोंडावर आल्या. मी खडकांवरून निघाले. निम्म्यात पोचले असेन, तेव्हा उजवीकडून आवाज आला, भांड्यात पाणी ओततात तसा. खडकांमध्ये एक सखल पट्टा होता, किनाऱ्याला समांतर. येताना मी त्यातून घोटाभर पाण्यातून आले होते. समोर आक्काजवळचं पाणी जागचं हललंही नव्हतं. पण माझ्या मागे तो पट्टा भरत होता.

"आक्का! ऊठ! पाणी आलं!"

"कुटं आलंय? हे बघ, हितंच हाय," ती म्हणाली आणि समोर बोट दाखवलं.

"मागे बघ!"

तिने मागे पाहिलं. तिचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मी लिहू शकणार नाही. ती उठली आणि तिने माझा हात धरला, तो मला दुखेल इतका.

पट्ट्याशी आलो तेव्हा पाणी मांडीला लागत होतं, आणि ओढ होती. खाली दगड धारदार. किनाऱ्यावर शेफाली उभी होती, पदर खोचून, आणि बंगालीतून ओरडत होती. शब्द कळले नाहीत, पण हात कळत होता: डावीकडे, आणखी डावीकडे. तिकडे खडक उंच होता. आम्ही तिकडून आलो. कंबरेपर्यंत एकदा पाणी आलं. आक्काची एक चप्पल गेली. शेफाली पाण्यात उतरली आणि तिने आक्काला दंडाला धरून ओढून काढलं, आणि मग आम्हा दोघींना अशी झापली की मला शाळेची आठवण झाली.

आक्का वाळूत बसली. पायाला कापलं होतं. मी ओढणीने बांधत होते, तेव्हा ती म्हणाली, "असंच आलं व्हतं."

"काय?"

"पानी. आयला न्यायला मी गेलते. सगळी म्हनत, अजून लांब हाय, दिसतंय ना समोर. आमी भांडी बांदत व्हतो. आन् ते मागनं आलं, व्हळातनं. कुनी मागं बघितलंच नाय." तिने पाय सोडवून घेतला. "आयनं तुळस उचलली आन् भांडी तिथंच राहिली."

इतक्या वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. मी रोज तिला पातळी सांगत होते.

निर्णय

त्या बेटावर सूर्य आपल्या घड्याळाने फार लवकर मावळतो. सहाच्या आत अंधार. शेफालीने हळद लावून पाय बांधला आणि गरम भात वाढला. आम्ही अंगणात बसलो. मी मनात ठरवूनच टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटत होतं, की आता कारण मिळालं.

"झालं तर मग," मी म्हटलं. "मुलांना इथे आणायचं नाही. घरीच येऊ देत. मी घराला जाळ्या लावून घेते, पाली मारून घेते, पाणी उकळून ठेवते."

"का? दर्यानं काय केलं?"

"आक्का, आज आपण दोघी..."

"माजं चुकलं. निगताना बाईनं सांगितलेलं, लांब जाऊ नको म्हनून, मी ऐकलं नाय. पोरं तुजं ऐकतील." ती भात कालवत राहिली. "तुला घरीच आनायचीत, म्हनून तू दर्यावर घालतंस."

मी ताटातला भात गोळा करत राहिले.

"आमचं घर गेलं तवा मला वाटलं, आता भावंडं भेटायची कुटं? आय म्हनायची, घर नाय तं म्हायेर नाय. मंग काय झालं? तुज्या भातसानगरच्या क्वाटरात भेटलो. माज्या ओट्यावर भेटलो. एकदा तर कसाऱ्याच्या स्टँडवर चा पीत भेटलो, तुजा नवरा आन् मी, दोन तास. येष्टी दोन गेल्या, आमी उठलोच नाय." ती हसली. "जागेला काय करतंस? त्या पोरीला घराचं भ्या बसलंय. भ्या बसलेलं घर दाखवून काय व्हनार? आदी मला दाखव. घर मागनं."

"तू पुन्हा येशील? एवढ्या लांब? आजच्यानंतर?"

"ओटी भरायची राहिली ना. तांदूळ घाईत सगळे त्या व्हळातच पडले."

शेफालीने विचारलं, दीदी क्या बोली. मी सांगितलं की दीदी डिसेंबरला परत येते म्हणतात. शेफाली म्हणाली, "आएगा तो हमारा बात सुनेगा कि नहीं?" आक्काने दोन्ही कान धरून दाखवले.

पुढचे दोन दिवस आम्ही काहीही केलं नाही. नऊ वाजता अजून थोडे खडक उघडे असायचे आणि आम्ही केळीच्या सावलीत बसून पाणी कधी येतं याची वाट बघायचो. मला हे जमेल असं वाटलं नव्हतं. आक्का शेफालीला केळफूल आपल्या पद्धतीने कसं करतात ते शिकवत होती आणि दोघी एकमेकींना वेड्या म्हणत होत्या. कोणाला काही वाढायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी पाहुण्यासारखं आणि परकं वाटलं होतं. नंतर वाटलं, तुमच्या आईला शहापुरात अगदी असंच वाटत असेल, फक्त उलट्या बाजूने. तिथे सगळे तिला विचारत असतात.

तर बाबांना मी कळवलं आहे. डिसेंबरला बेट. शेफालीच्याच घरी, मुलांचं पोहणं भरतपूरला, आणि पाण्यात जायची वेळ शेफाली सांगेल ती. वेळापत्रक मी रद्द केलं आहे. आक्का माझ्याबरोबर येणार. शहापूरचं आणि वैशाखऱ्याचं घर तुम्ही विचाराल तेव्हा दाखवीन, नाही विचारलंत तर आठवण करून देणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

पाण्याखाली गेलेल्या त्या गावात जन्मलेल्यांपैकी आपल्या घरात आता आक्का एकटी राहिली आहे. तिची तब्येत चांगली आहे.